आशाताईला रेटकार्डवरून उतरवा: एका रिटायर्ड सिस्टरचं आरोग्य खात्याला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, मा. अर्थमंत्री आणि आरोग्य खात्यातले सगळे साहेब-मॅडम लोक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एएनएम होते, सरकारी भाषेत आरोग्य सेविका, गावात सिस्टर, आणि म्हाताऱ्या बायांसाठी अजूनही नर्सबाईच. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या उपकेंद्रांवर नोकरी झाली, आता पेन्शनीत आहे, त्यामुळे मला कोणी कारणे दाखवा नोटीस काढू शकत नाही आणि बदलीची पण भीती नाही, म्हणून हे पत्र मोकळेपणानं लिहितेय. ज्या अजून नोकरीत आहेत त्या हे बोलू शकत नाहीत, मिटिंगला बोलल्या तर पुढच्या मिटिंगला त्यांचंच रजिस्टर पहिलं तपासायला घेतात.

दरवर्षी बजेट आलं की आरोग्याच्या नावानं मोठ्या घोषणा होतात, नवीन मेडिकल कॉलेज, सुपर स्पेशालिटी, विम्याची रक्कम वाढली, इमारतीचं भूमिपूजन. ते सगळं व्हावं, माझा विरोध नाही. पण गावात आजारी पडलेल्या माणसाला पहिली जी भेटते ती बाई, आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, तिचं काम तुम्ही उक्तं, म्हणजे पगार नाही, कामागणिक ठरलेले पैसे, असं देऊन टाकलंय, आणि सगळं दुखणं तिथून सुरू होतं असं माझं मत आहे. आमच्याकडे कांदा लागवड उक्ती दिली की बाया झपाझप लावत सुटतात, रान पटकन उरकतं, पण ज्या कामाचे पैसे ठरलेच नव्हते ते, म्हणजे वाफ्याची बांधबंदिस्ती, पाण्याची दारं, ते कोणीच करत नाही आणि त्यांना नावं पण ठेवता येत नाहीत. तसंच गावाच्या आरोग्याचं झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी रेट सांगते. गरोदर बाईचं नाव नोंदवून सगळ्या तपासण्या करून घेतल्या की ३०० आणि डिलिव्हरी दवाखान्यात झाली की ३००, असे जननी सुरक्षेचे ६०० रुपये, ते पण सगळ्या बायकांचे नाहीत, योजनेत बसणाऱ्यांचेच. बाळ घरी आलं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, दूध नीट ओढतंय का, अंग गार पडतंय का, अशा सहा भेटींचे मिळून २५०. म्हणजे एका भेटीचे चाळीसच्या वर दोन रुपये धरा. मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत पाच भेटी, भेटीला ५०. पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण झाल्या की १००, दुसऱ्या वर्षाच्या ७५. टीबीच्या पेशंटचा साधा कोर्स पूर्ण झाला की १०००. आणि तिशीच्या वरच्या माणसांचा तो सीबॅक फॉर्म, ज्यात तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कोणाला शुगर आहे का असं सगळं विचारायचं असतं, तो भरायचे १० रुपये. बीपी शुगरच्या पेशंटला सहा महिने फॉलोअप ठेवला तर ५०. सहा महिन्यांचे पन्नास हां, महिन्याचे आठ रुपये आणि वर चिल्लर.

आता २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरायचे होते तेव्हा अंगणवाडीच्या ताईंना एका मंजूर फॉर्ममागे ५० रुपये ठरले होते. योजनेबद्दल मला काही बोलायचं नाही, बायकांच्या हातात पैसे आले तर मला आनंदच आहे. पण बँक खातं आणि आधार जुळवायचे पन्नास, आणि एका माणसाला लकवा मारायच्या आधी त्याचं बीपी शोधून काढायचे दहा, हे कोणी ठरवलं त्याला मला एकदा बघायचंय.

कोणी म्हणेल बाई तक्रारच करतेय. तर नाही, जिथं पैसे लावले तिथं काम झालंच आहे हे मी सगळ्यात आधी सांगीन. १२ एप्रिल २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, हजार लोकसंख्येला एक आशा आली, आणि त्या आधी आम्ही एकट्या एएनएम पाच-पाच गावं पायी फिरायचो तेव्हा घरीच बाळंतपण, नाळ विळ्यानं कापायची, धनुर्वाताचं पोर, हे सगळं मी डोळ्यानं बघितलेलं आहे आणि ते कमी झालेलं पण बघितलंय. लसीकरणाच्या दिवशी आशा घरोघरी जाऊन लेकरं गोळा करते म्हणून सेशन होतं, नाहीतर मी व्हॅक्सिन कॅरियर घेऊन समाजमंदिरात बसून राहिले असते. ज्याचे पैसे ठरले ते झालं. माझा मुद्दा ज्याचे नाही ठरले त्याच्याबद्दल आहे.

बायकांचंच घ्या. बाई गरोदर असेपर्यंत आमच्या रजिस्टरमध्ये आहे, बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत आहे, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं की ती रजिस्टरमधून गेली. मग तिच्या अंगावर पांढरं जातंय, कंबर दुखते, पाळी महिन्यातून दोनदा येते, अंग बाहेर येतंय, त्याचं रेटकार्डवर काही नाही. आणि हे काही नवीन समजलंय असं पण नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायकांची तपासणी केली आणि त्याचा पेपर १९८९ ला लॅन्सेट या जगभरातले डॉक्टर वाचतात त्या नियतकालिकात आला, त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोगाचा त्रास निघाला होता. शंभरातल्या ब्याण्णव! साऱ्या जगानं तो पेपर वाचला आणि आपल्या उपकेंद्रात आज पण पडदा नीट नसतो, टेबल असलं तर त्यावर रजिस्टरं रचलेली असतात, आणि बाई सिस्टरच्या कानात सांगते तेव्हा मागं चार माणसं बीपी मोजायला उभी असतात.

मग ती बाई कुठं जाते? खाजगीत जाते. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते सगळ्या राज्याला माहितीय. २०१९ ला सरकारनंच समिती नेमली, साधारण ८२ हजार बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यात १३ हजारांच्या वर बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडावर पाणी नाही, संडास नाही, इन्फेक्शन होतं, दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी करून सांगतात पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. बाई घाबरते, उचल घेते, पिशवी काढते, परत ती उचल फेडायला फडावर जाते. त्यातल्या किती बायकांचा त्रास गोळ्यांच्या एका कोर्सनं थांबला असता, फक्त त्या पहिल्यांदा अंगावर जायला लागलं तेव्हा कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. विचारायचे पैसे कुठल्याच हेडमध्ये नाहीत. (ऊसतोड बायकांना हेल्थ कार्ड द्यायचं वगैरे नंतर ठरलं, चांगलं आहे, पण कार्ड कोणाला विचारत नाही, माणूस विचारतो.)

बीपी शुगरचं पण तसंच. आता गावात पोटदुखी-जुलाबापेक्षा बीपीचे पेशंट जास्त आहेत, चाळिशीतली माणसं, द्राक्षबागेत औषध मारता मारता चक्कर येऊन पडतात आणि मग कळतं बीपी २०० होतं. यावरचं औषध काही अमेरिकेतून आणायचं नाहीये, अ‍ॅम्लोडिपिनची ५ एमजीची गोळी, सरकारी खरेदीत तिची किंमत विचारू नका, इतकी कमी आहे. २०१७ च्या शेवटी देशात बीपी कंट्रोलचा एक प्रोग्रॅम सुरू झाला, सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा होते, त्यात काही जादू नव्हती: सगळ्यांना एकच ठरलेली ट्रीटमेंट, महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या, स्टॉक संपू द्यायचा नाही, आणि पेशंट आला नाही तर त्याच्यामागे जायचं. एवढंच. एवढं केलं की बीपी खाली येतं. आणि बाकी ठिकाणी काय होतं, पेशंट भाड्यानं जीपनं पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, दहा दिवसाच्या गोळ्या मिळतात, पुढच्या वेळी संपल्यात, बाहेरून घ्या. तो बाहेरून घेत नाही. घरी जाऊन म्हणतो मला आता बरं वाटतंय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत केलं, केसपेपरचे पैसे पण गेले, हे मी मनापासून चांगलं काम म्हणते. पण मोफत असलेलं औषध शिल्लक पण पाहिजे ना. औषध खरेदी हाफकिन या सरकारी संस्थेकडं होती, मग २०२३ ला वेगळं प्राधिकरण केलं, वर काय बदललं ते तुम्हाला माहीत, खाली फार्मासिस्टला मागणी ऑनलाइन टाकायची, आणि आलं ते घ्यायचं. मागितली आयर्नची गोळी आणि आला कफ सिरपचा लोट असं माझ्या समोर झालंय, एकदा नाही.

औषध साधंच असेना का, वेळेवर हाताशी असलं की काय होतं ते कोकणात बघा. महाडकडं डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, ती मूळची बीपीची गोळी, पीएचसीच्या पातळीवर काम करणाऱ्या डॉक्टरनं शोधलेला उपाय, आणि विंचू चावून जाणारी माणसं वाचायला लागली. तिथं ना आयसीयू होतं ना एअर ॲम्ब्युलन्स.

आता जरा जुनी गोष्ट, कारण मंत्रालयात फायली जुन्या होतात तशी आठवण पण जाते. आशा ही काही पहिली योजना नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्रानं अशीच योजना आणली होती, हजार लोकांमागे गावातलाच एक आरोग्य स्वयंसेवक, तीन महिने ट्रेनिंग आणि मग महिन्याला ५० रुपये मानधन. बहुतेक पुरुषच घेतले, गावातल्या पुढाऱ्याचा भाचा-पुतण्या. नाव दोन-तीनदा बदललं, मानधन पन्नासचं पन्नासच राहिलं, औषधाची पेटी येईनाशी झाली, वर लक्ष ठेवणारा कोणी नाही, आणि शेवटी केंद्रानं हात काढून घेतले. मी नोकरीला लागले तेव्हा त्यातले एक काका आमच्या गावात होते, पेटी होती त्यांच्याकडं, त्यात खिळे ठेवायचे.

आणि त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून काय केलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका घेतल्या, कितीतरी दलित वस्तीतल्या, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, आणि त्यांना गावच्या आरोग्य सेविका केलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकदा ट्रेनिंग देऊन सोडून नाही दिलं, त्या परत परत जामखेडला यायच्या, आठवडाभरात गावात काय झालं ते सांगायच्या, अडलेलं विचारायच्या, शिकून परत जायच्या. गडचिरोलीला सर्च संस्थेनं १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत तेच बाळांसाठी करून दाखवलं. गावातल्या आरोग्यदूत बायांनी बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि त्यावरचं जेंटामायसिनचं इंजेक्शन पण घरातच द्यायचं. हजार बाळांमागे महिन्याच्या आत ६२ जायची, ती तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आली. यावरूनच २०११ ला सरकारनं आशांची ती घरभेटीची योजना आणली ज्याचे २५० मिळतात.

पण आणताना काय गाळलं ते बघा. भेट ठेवली, फॉर्म ठेवला, वजनकाटा ठेवला, थर्मामीटर ठेवला. इंजेक्शन आशाच्या हातात दिलं नाही. सारखं ट्रेनिंग आणि पाठीशी उभं राहणारं माणूस, जे खरं इंजिन होतं, ते बजेटमध्ये बसलं नाही. म्हणजे आशा सातव्या दिवशी जाते, तिला दिसतं बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, आणि तिला फक्त म्हणायचं असतं दवाखान्यात न्या. पावसाळ्यात, ओढ्याला पाणी, रेंज नाही, १०८ खालच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथपर्यंत झोळीत बाळंतीण. मी असं नाही म्हणत की उद्यापासून प्रत्येक आशाला सिरिंज द्या, डॉक्टर लोक भांडतील आणि त्यांचे काही मुद्दे बरोबर पण असतील. पण दुर्गम भागातल्या निवडक, अनुभवी, पक्कं ट्रेनिंग दिलेल्या बायांना पहिला डोस द्यायची परवानगी का नाही, हे मला आजपर्यंत कोणी नीट समजावून सांगितलं नाही. झोलाछाप, बिनडिग्रीचा डॉक्टर मोटारसायकलवर येऊन सलाइन लावून जातो त्याला कोणी अडवत नाही.

पाठीशी उभं राहणारं माणूस म्हणजे गटप्रवर्तक. वीस-पंचवीस आशांमागे एक. ही बाई ग्रॅज्युएट असते, गावोगाव फिरते, आशांचे कागद तपासते, पेमेंटचे क्लेम भरते, नवीन आशाला वजन कसं करायचं ते दाखवते, आणि तिला कित्येक वर्षं मुख्यतः प्रवासभत्त्याच्या हिशोबानं पैसे मिळाले. आशांचा संप झाला की फोटो आशांचे येतात, त्यांच्याबरोबर मैदानावर बसलेली गटप्रवर्तक कोणाला दिसत नाही. माझ्या मते एकाच ठिकाणी पैसे टाकायचे असतील तर हिच्यावर टाका. आशा चांगली निघते की नाही हे अर्धं तिच्यावर आहे.

उपकेंद्राचं तर काय सांगू. नियम आहे मैदानी भागात ५ हजाराला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजाराला एक उपकेंद्र, तिथं एक सेविका, एक पुरुष आरोग्य सेवक, आणि आता २०१८ नंतर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. कागदावर तीन माणसं. सेवकाची जागा रिकामी म्हणजे विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कोणी टाकायची, पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट कोणी घ्यायची, तापाच्या पेशंटचं रक्त कोणी काढायचं, उत्तर एकच, सिस्टर आहेत ना. सीएचओ बिचारे बहुतेक तरुण पोरं-पोरी, बीएएमएस झालेले, कंत्राटी, पगाराचा एक भाग परत इंडिकेटरवर, म्हणजे त्यांना पण रेटकार्ड लावलंच. ओपीडीत किती आले, ऑनलाइन कन्सल्ट किती झाले. मग ओपीडी आकड्यात वाढते. बाहेरचा बोर्ड मात्र दोनदा बदलला, आधी हेल्थ अँड वेलनेस सेंटर होतं, मग २०२३ च्या शेवटी आयुष्मान आरोग्य मंदिर. बोर्ड रंगवणाऱ्याचं पेमेंट वेळेवर झालं असावं.

आणि ॲप. मी यावर जास्त लिहीत नाही नाहीतर माझंच बीपी वाढेल. आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, लसीचं वेगळं, गरोदर मातेचं वेगळं, बीपीचं वेगळं, आणि तेच सगळं परत रजिस्टरमध्ये, आणि तेच परत व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो काढून जिओ टॅगसकट, आजच्या आज, संध्याकाळी पाचच्या आत. टेकडीवर रेंज येते म्हणून आशा टेकडीवर. गावात कोणी आजारी असेल तर त्यानं टेकडीवर यावं.

आता तुम्ही म्हणाल पैसा कुठून आणायचा. तर साधा हिशोब करू, मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही पण टॅली शीट आयुष्यभर केलीय. राज्यात सत्तर हजारांच्या वर आशा आहेत. सत्तर हजार धरून प्रत्येकीला महिन्याला सरळ २० हजार दिले तर वर्षाला १६८० कोटी होतात. २०२५-२६ चं राज्याचं बजेट ७ लाख कोटींचं होतं. म्हणजे पाव टक्का! आणि हे सगळे काही नवीन पैसे नाहीत, आत्ता पण केंद्राचे ठरलेले महिन्याचे आहेत, २०१८ पासून २ हजार होते ते २०२५ मध्ये साडेतीन हजार केले, राज्यानं संप झाल्यावर मार्च २०२४ ला ५ हजाराची वाढ दिली, त्या आधी नोव्हेंबरमध्ये ७ हजार म्हणाला होतात ते सोडा. वर तुकड्या-तुकड्यानं मिळतं ते वेगळं. म्हणजे फरकच भरायचाय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांच्या वर आरोग्यावर खर्च करावा आणि सगळ्या आरोग्य खर्चाचा दोन-तृतीयांश भाग प्राथमिक आरोग्याला जावा. आपण पाचाच्या आसपास घुटमळतोय. आपण काही गरीब राज्य नाही, निदान भाषणात तरी नाही.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, आणि तो विचारणारे आमच्या खात्यातलेच असतात: फिक्स पगार दिला की काम करणार नाहीत. हे ऐकलं की मला हसू येतं, कारण विचारणाऱ्याला स्वतःला फिक्स पगार असतो. पण प्रश्न खोटा नाहीये, मी कामचुकार सिस्टर पण बघितल्यात आणि पीएचसीला मुक्कामी न राहणारे डॉक्टर तर विचारूच नका. त्यावर उपाय रेट लावणं नाही, गावाला विचारणं आहे. २००७ पासून याच राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली होती, गावातले लोक आरोग्यसेवेला हिरवा-पिवळा-लाल शेरा द्यायचे, जनसुनवाईत तालुक्याचे साहेब समोर बसायचे आणि बाया माईकवर उभ्या राहून सांगायच्या की अमक्या दिवशी दवाखान्याला कुलूप होतं. पहिल्यांदा आम्हाला पण राग आला होता, की हे कोण आम्हाला विचारणारे. पण खरं सांगते, बाहेरून आणायची चिठ्ठी देणं त्यामुळं कमी झालं, दरवाजे उघडायला लागले, आणि आम्हाला पण फायदा झाला कारण आमच्याकडं साधं बीपीचं मशीन नाही हे लोकांनीच वर सांगितलं, आमचं कोणी ऐकत नव्हतं. ते बळ देऊन वाढवायचं सोडून हळूहळू विझत चाललंय. ग्राम आरोग्य समितीला वर्षाचे १० हजार यायचे, त्यात पण पंखे आणि खुर्च्याच जास्त आल्या, पण तरी गावाच्या हातातला तेवढाच पैसा होता.

बाहेरच्या देशांकडं बघायचं तर इथिओपियाकडं बघा, आपल्याहून कितीतरी गरीब, त्यांनी २००३ पासून गावोगाव बायका नेमल्या, वर्षभर ट्रेनिंग आणि सरकारी पगार. ब्राझीलनं तर २०२२ ला राज्यघटनेतच दुरुस्ती करून टाकली की गावपातळीच्या आरोग्य कार्यकर्त्याला किमान वेतनाच्या दुपटीहून कमी द्यायचं नाही. आणि आपण? त्याच २०२२ च्या मे महिन्यात डब्ल्यूएचओनं आपल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला, सगळ्यांनी ट्विट केलं, आणि त्या महिन्याचं पेमेंट कधी आलं ते आशांना विचारा. एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हणून सांगितलं, त्याआधी २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवरच्या बायकांना कामगार धरा म्हटलं होतं. आशा अजून स्वयंसेविकाच. कोविडमध्ये माझे कुटुंब माझी जबाबदारीच्या वेळी स्वयंसेविका म्हणूनच प्रत्येक दारात ऑक्सिमीटर घेऊन गेल्या, काही ठिकाणी लोकांनी दगड मारले, घरमालकांनी खोल्या सोडायला लावल्या.

माझं मागणं फार नाही, आणि एकदम नाही. आशाला आणि गटप्रवर्तकेला महिन्याचा ठरलेला पगार द्या, त्यावर पाहिजे तर थोडं बक्षीस ठेवा, पण उलटं नको. तो पगार ठरलेल्या तारखेला द्या, केंद्राचा हिस्सा आला नाही हे कारण तुमचं तुम्ही बघा, आशाच्या पोराच्या फीला ते चालत नाही. तिच्या पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, आयर्न, आणि डॉक्टरनं एकदा सुरू केलेल्या बीपी शुगरच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या कायम असू द्या, आणि पेटी रिकामी झाली तर जबाबदार कोण ते नावानिशी ठरवा. आदिवासी तालुक्यांतल्या एएनएम आणि आरोग्य सेवकांच्या जागा कंत्राटी नाही, कायम भरा. आठवड्यातला एक दिवस उपकेंद्रात फक्त बायकांच्या तक्रारींसाठी ठेवा, पडदा लावून, दार लावून, आणि त्या दिवशी कुठलीही व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मिटिंग ठेवू नका. आणि नवीन कोणतंही ॲप आणायच्या आधी जुनं एक बंद करा.

यातलं पेटीचं काम तर पुढच्या अधिवेशनाची वाट न बघता होण्यासारखं आहे. त्याला फक्त एक पत्रक आणि वेळेवर भरलेलं गोडाऊन लागतं. पगाराचं पुरवणी मागण्यांमध्ये टाकता येईल का ते अर्थमंत्र्यांनी बघावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सेवानिवृत्त आरोग्य सेविका, जि. नाशिक

ता.क. आशांनी स्वतःच्या मोबाईलवर स्वतःच्या रिचार्जमधून तुमचा डेटा भरलाय, त्याचा हिशोब या पत्रात मी धरलेला नाही. तो वेगळा पाठवते.